वाटेतला मुक्काम आणि माइल्सचं गणित

विमान कंपन्यांचे पॉइंट साठवणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक फुकट तिकीट असतं. मुंबई–दिल्ली, मुंबई–दुबई, फार तर मुंबई–लंडन. ते मिळतंही. पण सवलतीच्या दिवसांत हेच तिकीट रोख पैशांत स्वस्त पडतं, त्यामुळे त्यासाठी वर्षानुवर्षं पॉइंट जमवत बसण्यात फारसा अर्थ नाही. पॉइंटांचं मोल कळतं ते प्रवास वाकडातिकडा असेल तेव्हा. एका कंपनीच्या विमानानं निघायचं, वाटेतल्या शहरात आठवडाभर उतरायचं, दुसऱ्या कंपनीनं पुढे जायचं आणि परतताना तिसऱ्याच गावाहून विमान धरायचं. असा प्रवास पैशांत विकत घ्यायला गेलं की बऱ्याचदा प्रत्येक वळणाला भाडं चढत जातं. पॉइंटांत मात्र, कार्यक्रम नीट निवडला असेल तर, त्याच वळणांना फार थोडी किंमत पडते. परदेशी असलेल्या मुलांकडे जाणाऱ्या साठी-सत्तरीतल्या आईवडिलांसाठी ही केवळ हौसेची गोष्ट नाही. वीस-बावीस तासांचा प्रवास मधे मोडून चार रात्री पाय पसरून झोपायला मिळणं, ही त्यांची गरज आहे.

या सगळ्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९७८ च्या कायद्यानं तिथल्या विमान कंपन्यांच्या भाड्यांवरचं आणि मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्या गिऱ्हाइकासाठी एकमेकींशी झगडू लागल्या. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हांटेज’ सुरू केलं, त्याच महिन्यात युनायटेडनं ‘माइलेज प्लस’ आणलं. विचार सरळ होता. विमान उडणारच आहे, काही जागा रिकाम्या जाणारच आहेत; त्या आपल्या नेहमीच्या प्रवाशाला दिल्या तर खर्च नगण्य आणि तो प्रवासी कायमचा आपला. १९८७ मध्ये अमेरिकननं सिटी बँकेबरोबर क्रेडिट कार्ड काढलं आणि माइल्स कमावण्यासाठी विमानात बसण्याची अटच उरली नाही. किराणा भरा, पेट्रोल भरा, माइल्स घ्या. बँक ते माइल्स कंपनीकडून रोख पैसे मोजून विकत घेऊ लागली.

पुढचं मोठं वळण युत्यांचं. मे १९९७ मध्ये एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड यांनी स्टार अलायन्स स्थापन केली. १९९९ मध्ये ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन, कॅथे पॅसिफिक, क्वांटास वगैरेंची वनवर्ल्ड कामाला लागली आणि २००० मध्ये एअर फ्रान्स, डेल्टा, कोरियन एअर व एअरोमेक्सिको यांची स्कायटीम आली. एका कंपनीत जमवलेले माइल्स दुसरीच्या विमानात खर्च करता येऊ लागले. युतीबाहेर दोन-दोन कंपन्यांचे स्वतंत्र करार होते आणि आहेत, त्यांचं जाळं याहून गुंतागुंतीचं आहे.

भागीदार कंपनीच्या जागेत फायदा का दडलेला असतो, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. समजा, तुम्ही एअर कॅनडाच्या ‘एअरोप्लॅन’चे पॉइंट देऊन स्विसच्या विमानात जागा घेतली. एअरोप्लॅनला त्या जागेबद्दल स्विसला पैसे द्यावे लागतात, पण ते बाजारभावानं नाही. दोन कंपन्यांनी आधी ठरवून ठेवलेल्या, तिकिटाच्या मानानं बऱ्याच कमी दरानं. दर ठरलेला असल्यामुळे एअरोप्लॅन तुमच्यासाठीही पॉइंटांचा ठरावीक तक्ता ठेवू शकतं. त्या दिवशी रोख तिकीट दीड लाखाला जात असो की चार लाखांना, तक्त्यातला आकडा तोच. याची दुसरी बाजू अशी, की इतक्या कमी पैशांत स्विस आपल्या जागा मोकळ्या हातानं सोडणार नाही. विकल्या जाणार नाहीत असं तिच्या संगणकाला वाटतं तेवढ्याच जागा भागीदारांसाठी उघडल्या जातात. स्टार अलायन्समध्ये या जागांना स्वतंत्र अक्षरं आहेत: इकॉनॉमीसाठी एक्स, बिझनेससाठी आय, फर्स्टसाठी ओ. विमानात तीस जागा रिकाम्या दिसत असल्या तरी ‘आय’ शून्य असेल, तर तुमच्यापुरतं ते विमान भरलेलं आहे. फोनवर कितीही हुज्जत घातली तरी समोरचा माणूस त्यात काही करू शकत नाही.

आता एक उदाहरण जवळून पाहू. एअरोप्लॅननं नोव्हेंबर २०२० मध्ये नवे नियम आणले. त्यात जगाचे काही विभाग पाडले आहेत आणि दोन विभागांमधलं अंतर मैलांच्या टप्प्यांत मोजलं जातं. भारत युरोप आणि आफ्रिकेबरोबर ‘अटलांटिक’ विभागात येतो. उत्तर अमेरिका ते अटलांटिक या प्रवासासाठी भागीदारांच्या बिझनेस क्लासचे एका बाजूचे दर त्या पहिल्या तक्त्यात असे होते: ६,००१ ते ८,००० मैलांना ८५,००० पॉइंट आणि ८,००० मैलांच्या पुढे एक लाख. आकडे नंतर बदलत गेले आहेत, टप्प्यांची पद्धत तीच आहे. मुंबई–फ्रँकफर्ट साधारण ४,०८० मैल, फ्रँकफर्ट–टोरांटो साधारण ३,९५०. बेरीज ८,००० च्या जेमतेम वर, म्हणजे वरचा दर. तेच मुंबई–झुरिक ४,०६० आणि झुरिक–माँट्रियल ३,७२० घेतलं तर बेरीज ७,८०० च्या आतबाहेर आणि दर खालचा. पंधरा हजार पॉइंटांचा फरक पडतो तो शेवटचं शहर बदलल्यानं. माँट्रियलहून टोरांटोला रेल्वेनं पाच-साडेपाच तासांत पोचता येतं. हाच तुकडा हौसेनं विमान तिकिटात घातला तर बेरीज पुन्हा आठ हजारांच्या वर जाते.

आणि आता मुक्काम. एअरोप्लॅनमध्ये एका बाजूच्या प्रवासात ५,००० पॉइंट जास्त देऊन वाटेत एक थांबा घेता येतो. फक्त तो कॅनडा-अमेरिकेत घेता येत नाही. आंतरराष्ट्रीय तिकिटात २४ तासांच्या आत पुढचं विमान धरलं तर ती नुसती बदली. त्याहून जास्त राहिलात तर तो थांबा. म्हणजे वरच्या प्रवासात झुरिकला आठवडा काढायचा तर जास्तीचे पॉइंट पाच हजार. आणखी काटकसर करायची तर वेळापत्रक जुळेल तिथे मधे एक रात्र काढून २४ तासांच्या आत पुढे निघता येतं. तेवढ्यात रात्रीची झोप होते आणि पॉइंट एकही जास्त लागत नाही. व्हिसाचा विचार मात्र आधी हवा. झुरिकच्या विमानतळाबाहेर पडायचं तर शेंगेन व्हिसा लागणार. इस्तंबूलचा पर्याय घेतला तर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. सिंगापूरमार्गे जाणाऱ्या भारतीयांनाही, काही विशिष्ट देशांचा वैध व्हिसा असेल तर, ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा थांबण्याची सोय आहे. अमुक ठिकाणी जागा मिळते म्हणून थांबा ठरवण्यापेक्षा कुठला व्हिसा हातात आहे ते पाहून थांबा ठरवलेला बरा.

इतर कार्यक्रमांचे स्वभाव वेगळे आहेत. कॅथेच्या ‘एशिया माइल्स’मध्ये वनवर्ल्डच्या अनेक कंपन्यांचा मिळून एकच मोठा प्रवास बांधता येतो आणि त्यात पाचपर्यंत थांबे बसतात, एकूण अंतरावर दर ठरतो. सिंगापूर एअरलाइन्सचं ‘क्रिसफ्लायर’ भारतीय कार्डधारकांना सर्वांत जवळचं, कारण एचडीएफसी, ॲक्सिस आणि अमेरिकन एक्स्प्रेस या तिन्हींच्या काही कार्डांचे पॉइंट तिथे जातात. त्याचे माइल्स तीन वर्षांनी मरतात, हे विसरू नये. ब्रिटिश एअरवेजच्या ‘एव्हिओस’मध्ये साधारणपणे प्रत्येक विमानाचे पॉइंट सुटे मोजले जातात, त्यामुळे दोन-तीन विमानं बदलत जायचं असेल तर ते महाग पडतं आणि छोट्या थेट उड्डाणाला स्वस्त. अनेक कंपन्या गुंफून करायच्या प्रवासासाठी मला आजही एअरोप्लॅन सर्वांत मोकळं वाटतं.

त्यामागे आणखी एक कारण आहे, ते सरचार्जचं. पॉइंटांच्या तिकिटावरही विमानतळाचे कर द्यावे लागतातच. पण त्यांच्याबरोबर अनेक कंपन्या स्वतःचा सरचार्ज लावतात, जो पूर्वी इंधनाच्या नावानं ओळखला जायचा. युरोपातल्या बड्या कंपन्यांच्या बिझनेस क्लासमध्ये हा आकडा एका बाजूला कित्येक हजार रुपयांपर्यंत सहज जातो. मग पॉइंटही गेले आणि वर अर्ध्या तिकिटाचे पैसेही, अशी गत होते. हा सरचार्ज ज्या कार्यक्रमाचे पॉइंट तुम्ही खर्च करता त्याच्या धोरणावर अवलंबून असतो. म्हणजे त्याच लुफ्तान्साच्या त्याच जागेसाठी एक कार्यक्रम तो वसूल करतो आणि दुसरा करत नाही. एअरोप्लॅननं २०२० च्या बदलांत तो सगळ्या भागीदारांसाठी काढून टाकला आणि भागीदारांच्या तिकिटावर ३९ कॅनेडियन डॉलरची फी ठेवली. तेव्हा किती पॉइंट लागतात एवढंच पाहून कार्यक्रम निवडणाऱ्यानं शेवटच्या पानावरची रोख रक्कमही आधी पाहून घ्यावी.

जागा शोधताना काय होतं, ते थोडक्यात सांगतो. कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी वेळापत्रक उघडतात. काही जागा तेव्हाच सुटतात, काही शेवटच्या दोन आठवड्यांत, मधले महिने बरेचदा कोरडे. दोघांना जायचं असेल तर शोध दोघांसाठीच घ्यावा. एकासाठी दिसणारी जागा दुसऱ्यासाठी असेलच असं नाही. कधी एका कंपनीच्या संकेतस्थळावर जागा दिसते आणि पैसे भरायच्या वेळी गायब होते, कारण तिथे दाखवलेली माहिती शिळी असते. म्हणून एकाच युतीतल्या दोन वेगळ्या संकेतस्थळांवर तीच जागा दिसते का, हे पडताळून पाहावं. आणि ही एक गोष्ट मी कुणालाही आवर्जून सांगेन: जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे हलवू नका. एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत. हलायला कधी काही मिनिटं लागतात, कधी काही दिवस, आणि तेवढ्या वेळात जागा गेली तर तुमच्याकडे नको असलेल्या कंपनीचे माइल्स उरतात. हा धोका पत्करावाच लागतो. तो आंधळेपणानं पत्करू नये एवढंच.

तिकीट हाती आल्यावर काम संपत नाही. घोडं पेंड खातं ते इथेच, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. एअरोप्लॅनवर काढलेल्या स्विसच्या तिकिटाचा तेरा-चौदा आकडी नंबर ०१४ नं सुरू होतो. तो एअर कॅनडाचा आकडा. स्विसचा स्वतःचा आकडा ७२४. म्हणजे विमान स्विसचं, पण तिकिटाची मालकीण एअर कॅनडा. ईमेलमध्ये येतो तो सहा अक्षरांचा पीएनआर एअर कॅनडाचा असतो. स्विसच्या यंत्रणेत त्याच बुकिंगला वेगळा पीएनआर मिळतो, आणि खिडकीची जागा, शाकाहारी जेवण, व्हीलचेअर हे सगळं या दुसऱ्या पीएनआरवर नोंदवावं लागतं. एअर कॅनडाला फोन करून स्विसचा पीएनआर मागून घ्यायचा आणि मग स्विसशी बोलायचं. शाकाहारी भारतीय जेवणाचा संकेत एव्हीएमएल, जैन जेवणाचा व्हीजेएमएल. तो आपल्या बुकिंगसमोर पक्का झालेला दिसतो आहे ना, हे विचारून घ्यावं. आईवडील पहिल्यांदाच एवढ्या लांब जात असतील तर व्हीलचेअरची नोंद प्रत्येक विमानावर स्वतंत्र आहे का, हेही पाहावं. एका विमानावर केलेली नोंद पुढच्यावर आपोआप जातेच असं नाही.

वेळ बदलली तर आणखी गुंता. विमान चालवणारी कंपनी सहा महिने आधी वेळापत्रक हलवते आणि बुकिंगमध्ये नवी वेळ आपोआप दिसू लागते. पण तिकीट जुन्याच वेळेचं राहतं. ते ज्या कंपनीनं काढलं तिनं पुन्हा छापून, म्हणजे ‘रीइश्यू’ करून, द्यावं लागतं. हे झालं नाही तर विमानतळावर काउंटरवरच्या माणसाला बुकिंग दिसतं आणि त्याला जुळणारं तिकीट दिसत नाही. पहाटे दोन वाजता, तीन तासांवर विमान असताना, ‘तुम्ही ज्यांच्याकडून तिकीट काढलं त्यांना फोन करा’ असं उत्तर मिळणं फार वाईट. दर महिन्याला एकदा बुकिंग उघडून पाहिलं आणि वेळ बदललेली दिसताच तिकीट काढणाऱ्या कंपनीला गाठलं, तर ही वेळ टळते. उलट बाजूही सांगितली पाहिजे: वेळ मोठ्या प्रमाणात बदलली असेल तर अनेकदा फी न घेता दुसरं, आणि कधी कधी पहिल्यापेक्षा चांगलं, विमान मिळतं. अशा फोनवर बदल मागताना हवं असलेल्या विमानाचा नंबर तयार ठेवावा.

आता पॉइंटांचं मोल आक्रसण्याबद्दल. डेल्टानं २०१५ मध्ये दरांचा तक्ता काढून टाकला, युनायटेडनं २०१९ मध्ये. तक्ता गेला की पॉइंटांची किंमत रोजच्या भाड्यासारखी वरखाली होते आणि गिऱ्हाइकाला आधी काहीच सांगता येत नाही. जपानच्या एएनएचं जगप्रदक्षिणेचं तिकीट हे या छंदातलं सर्वांत मोठं आकर्षण होतं. स्टार अलायन्सच्या कंपन्यांवर पृथ्वीला फेरी मारायची, आठपर्यंत थांबे घ्यायचे आणि एकूण अंतरावर माइल्स मोजायचे. जून २०२५ मध्ये ते बंद झालं. कंपन्या असं का करतात, तेही समजून घ्यायला हवं. २०२० च्या जूनमध्ये, साथीत विमानं जमिनीवर असताना, युनायटेडनं आपला माइल्सचा कार्यक्रम तारण ठेवून कर्ज उभारलं. त्या वेळी त्या कार्यक्रमाचं मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर धरलं गेलं. शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्याहून कितीतरी कमी होती. २०२१ मध्ये अमेरिकननं आपल्या ‘ॲडव्हांटेज’च्या आधारावर १० अब्ज डॉलर उभे केले. बँकांना माइल्स विकणं हा इतका मोठा धंदा झाला आहे की छापलेल्या माइल्सच्या मानानं जागा अपुऱ्या पडणारच. चलन जिनं छापायचं तिनंच मालाचा भाव ठरवायचा, अशी ही बाजारपेठ आहे.

आणि गिऱ्हाइकाचे हक्क तोकडे आहेत. बहुतेक कार्यक्रमांच्या अटींत पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अमेरिकननं १९८८ मध्ये आधीच कमावलेल्या माइल्सवर नवी बंधनं घातली, तेव्हा सभासद न्यायालयात गेले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या ग्राहक कायद्याखाली दाद मागता येणार नाही, पण कराराचा भंग म्हणून मागता येईल, असा निर्णय दिला. २०१४ च्या ‘नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग’ खटल्यात सभासदत्व रद्द झालेल्या प्रवाशाची, कंपनी सद्भावनेनं वागली नाही ही तक्रारही न्यायालयानं एकमतानं फेटाळली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं चार मोठ्या कंपन्यांकडून या कार्यक्रमांची माहिती मागवली. मला तरी ही चौकशी फार उशिरा सुरू झालेली वाटते. निदान दर वाढवण्याआधी काही महिन्यांची सूचना बंधनकारक असावी, एवढी किमान अपेक्षा भारतातही ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडचा अनुभवही साठवणुकीविरुद्धच बोलतो. वनवर्ल्डच्या दारात पोचलेल्या किंगफिशरचा प्रवेश फेब्रुवारी २०१२ मध्ये थांबला, ऑक्टोबरात विमानं थांबली आणि त्यांच्या ‘किंग क्लब’चे माइल्स कागदावर राहिले. जेट एअरवेजचं ‘जेटप्रिव्हिलेज’ २०१४ मध्ये वेगळी कंपनी झालं होतं, म्हणून १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उतरल्यावरही पॉइंट जिवंत राहिले आणि ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावानं चालू राहिले. पण ज्या विमानांसाठी ते जमवले होते तीच उरली नव्हती. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि दोघींचे पॉइंट ‘महाराजा क्लब’मध्ये आले. देशात सर्वांत जास्त प्रवासी नेणारी इंडिगो कुठल्याच युतीत नाही; तिचा ‘ब्लूचिप’ कार्यक्रम २०२४ मध्ये सुरू झाला. बँकांनीही हात आखडता घेतला आहे. २०२३ च्या अखेरीस ॲक्सिसनं भागीदार कंपन्यांचे दोन गट केले आणि वर्षाला किती पॉइंट हलवता येतील यावर मर्यादा घातली.

म्हणून माझ्या मते ज्याच्या कुटुंबात येत्या दीड-दोन वर्षांत एखादा ठरलेला लांबचा प्रवास आहे, त्यानं त्याच प्रवासासाठी पॉइंट जमवावेत आणि खर्च करून मोकळं व्हावं. कुणाचीच तारीख ठरलेली नाही, कुठे जायचं तेही नाही, तरी लाखभर पॉइंट पडून आहेत, ही स्थिती फायद्याची नाही. कार्डाचं बिल पूर्ण भरत नसाल तर हा नादच करू नये. व्याजाच्या दरापुढे कुठलेच माइल्स टिकत नाहीत.

मुंबईपासून लांब राहणाऱ्यांनी आणखी एक मार्ग जरूर तपासून पाहावा. कतार एअरवेजची विमानं नागपूरहून आणि गोव्यात मोपाहून दोह्याला जातात. कतार वनवर्ल्डमध्ये आहे, २०२२ पासून तिचे पॉइंटही एव्हिओस आहेत आणि ते ब्रिटिश एअरवेजच्या खात्यातून तिथे एकास एक हलवता येतात. नागपूर–दोहा–बॉस्टन एका तिकिटावर मिळालं तर बॅग नागपूरला देऊन थेट बॉस्टनला घ्यायची, आणि दोह्यात पुढचं विमान चुकलं तर पुढच्याची सोय कंपनीनं करायची. मुंबईपर्यंत वेगळं तिकीट काढून पुढे जोडलेल्या प्रवासात ही जबाबदारी सगळी आपली. नागपूरच्या विमानात भागीदारांसाठी जागा थोड्या असतात, तेव्हा शोधताना तारीख आठवडाभर मागेपुढे करून पाहावी आणि परतीचं तिकीट सुटं काढावं. जाताना नागपूर आणि येताना मुंबई अशी जोडी बरेचदा सहज जमते.